कपाटातली मीठवाली

रविवार, २४ जुलै २००५

करुणे, ही वही तुही आहे, हे तरी आठवते का? नसंल आठवत. पुण्याला शिकायले जाताना जी पोट्टी कॉलेजचे कागद घरी विसरते अन् चपला मात्र तीन जोड नेते, तिले वही काय आठवणार! पहिल्या पानावर तू लिहिलं आहे, 'यंदा रोज लिहीन.' तुह्या मायनं, वनितानं वाचून दाखवलं. एक ते चार जानेवारी लिहिलं, पाचपासून कोरं. थेट जुलैपर्यंत कोरं. इतका चांगला कागद वाया जाऊ द्यायचा का? आता मी भरते.

मी सांगते, तुही माय लिहिते. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून हात चालतो तिचा. घाईत गुरुजींचं 'गु.' करते, तुहं 'क.' करते. करू दे. माह्या बोलण्याले शुद्ध करायले जाते, तिथं मी परत वाचायले लावते अन् खोडायले लावते.

वहीची गरज काऊन पडली? विहारातल्या बैठकीचं रजिस्टर मेश्राम गुरुजी लिहितात. मागच्या पौर्णिमेले मी अर्धा तास बोलली. विहिरीवर बोलली, पोरींच्या शाळेवर बोलली. गुरुजींनी लिहिलं, 'यशोदाबाईंनी मत मांडले.' बस! अर्ध्या तासाचे तीन शब्द! अंगाचा तिळपापड झाला. म्हणून ही वही. यात माहं बोलणं माह्या मापाचं राहील.

गुरुवार, २८ जुलै

वर्षावास लागून आठवडा झाला. तीन महिने रोज संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन. गु. वाचतात, आम्ही ऐकतो. वाचन झालं की गु. घरी जातात अन् आम्ही बाया ओट्यावर बसतो.

आज शांताबाईनं कोपरानं ढोसलं. "यशोदे, मीठवालीचं कुठवर आलं होतं वं?"

मी सांगितलं. बारा बाया होत्या, एक उठली नाई. दोघींच्या घरी भात लागला म्हणे.

रविवार, ३१ जुलै

आज बायांनी विचारलं, ही मीठवाली कोण्या ग्रंथातली. सांगायले जीभ अडखळली, पण सांगितलं. संगणकावरच्या खेळातली.

मे महिन्यात क.नं मले सांगितलं तेव्हा मीच तिच्यावर तुटून पडली होती. हे लिहून ठेवते, नाईतर म्हणतील यशोदाबाई पहिल्यापासून भुलली. नागपूरच्या फुटपाथवरून तीन जुनी इंग्रजी पुस्तकं आणली तिनं. जाड. वर तलवार घेतलेली पोरगी. मी म्हणलं, हे काय? तर म्हणे, "आजी, एक व्हिडिओ गेम आहे. त्याच्यावरून कादंबरी लिहिली."

म्हणजे आधी खेळ खेळायचा अन् मग तोच खेळ वाचायचा! जेवून हात धुतल्यावर त्याच जेवणाचं वर्णन ऐकायचं! लगोरीवर कोणी पुस्तक लिहिलं का आजवर?

वरून त्यात सात देव. मी म्हणलं, "करुणे, छप्पन साली आम्ही घरातले होते नव्हते ते देव वर्धा नदीत सोडले. माह्या सासूनं रडत रडत सोडले. अन् तू संगणकातून सात नवे आणते? यायले कोण्या नदीत सोडू?"

हसत बसली. म्हणे, "शिळ्या भाताले फोडणी दिली की तुलेच जास्त आवडते ना? ऐक तर."

मी ऐकायले बसली ती चूक पकडायले. दुपारी तूर निवडायची अन् ऐकायचं. ती वाचून मराठीत सांगे. दहा दिवसांत पहिलं पुस्तक संपलं. चूक राह्यली बाजूले, मीच विचारत होती, "मग? मग काय झालं?"

कायनं धरून ठेवलं, ते सांगते. डोंगराखाली मीठ वाहणाऱ्यांची वस्ती. डोंगरावर अकरा दगड, दगडांवर अक्षरं कोरलेली. ज्याले अक्षर येते, त्याच्या हाती आग येते, पाणी येते. मीठवाल्यांनी त्या दगडांपुढून मान खाली घालून जायचं. नजर वर गेली तर शिक्षा. ही पोरगी पाहते. एक अक्षर चोरते. दगडाले हात लावून घ्यावं लागते, तळहात भाजते. मग दुसरं अक्षर. प्रत्येक अक्षराले एक डाग. तिचं नाव इंग्रजी आहे, माह्या तोंडात बसत नाई, म्हणून आम्ही मीठवालीच म्हणतो.

याले कोणी जादूटोणा म्हणेल. मले विचारा. सत्तर वर्षं अंगठा लावत आली मी. राशनवर, बँकेत, माह्या मालकाच्या गिरणीच्या कागदावर. समोरचा कागदावर बोट ठेवून म्हणते, 'इथं असं लिहिलं आहे, बाई.' त्या एका बोटानं घर इकडचं तिकडे होऊ शकते. अक्षर जादू नाई, असं ज्याले वाटते त्याले लहानपणीच आलं असंल.

रविवार, ७ ऑगस्ट

भांडण झालं.

वाचन संपवून गु. घरी गेले अन् चष्मा विसरला म्हणून परत आले. मी ओट्यावर रंगात. "अन् त्या देवीचे डोळे चांदीचे," इतकं म्हणलं अन् पाहते तर दारात गु.

"यशोदाबाई, विहाराच्या ओट्यावर देवी?"

"कादंबरी आहे, गुरुजी."

"कोणती?"

सांगितलं. "व्हिडिओ गेमची?" असं म्हणाले जसं चहात पाल पडली. तडक वाचनालयाचं कपाट उघडलं. खालच्या फळीवर दोन्ही पुस्तकं. क.नं जाताना वाचनालयाले भेट दिली होती. तिसरं तिचं वाचून व्हायचं होतं, ते सोबत नेलं.

"स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवायले जागा नाई, अन् इथं राक्षस ठेवले! बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपण, बाई. पोट्ट्यायले पुन्हा पोथीपुराणात ढकलायचं का?"

मी विचारलं, "रजिस्टरात नोंद कोणी केली?"

त्यायनंच केली होती, ४१२ अन् ४१३. इंग्रजी आहे म्हणजे चांगलंच असंल, असं समजून पान न उघडता केली. आमच्या गावात इंग्रजी पुस्तकाले कोणी नाव विचारत नाई.

म्हणे, नोंद खोडतो.

खोडतो? त्या नोंदीपुढं 'भेट: कु. करुणा' लिहिलं आहे. घेणाऱ्यांच्या यादीत आमच्या घराची नावं लय आहेत. शिष्यवृत्ती घेणारे, पुस्तकं घेणारे, धान्य घेणारे. देणाऱ्यांत हे पहिलं. वनितानं मले ती ओळ बोट धरून दाखवली होती. त्या ओळीवर काट मारायची म्हणते हा माणूस.

मी म्हणलं, "बैठकीत ठरवू. तोवर पेन खिशात ठेवजा."

शुक्रवार, १९ ऑगस्ट. पौर्णिमा

बैठक. वीस बाया, सहा माणसं.

गु. उभे राह्यले. खोटं कायले बोलू, बोलले चांगलं. म्हणे, हे पुस्तक खेळ विकायले काढलेलं आहे. कंपनी लिहिणाऱ्याले सांगते, इतके राक्षस टाक, इतक्या लढाया टाक. त्यात लिहिणाऱ्याचं सोताचं काय? माणूस मनातलं लिहिते तेव्हा पुस्तक होते, हुकमाचं लिहिते तेव्हा जाहिरात होते. अन् दुसरं, अशा पुस्तकांत शेवटी देवीच खाली उतरते अन् सारं निस्तरते. माणसानं काय करायचं? हात जोडायचे. हे आपल्याले पुन्हा पाहिजे का?

बाया माह्याकडे पाहून राह्यल्या.

मी उठली. "गुरुजी, तुमी वाचलं?"

"वाचायची गरज नाई."

"एकतीस वर्षं तुमी शाळेत इंग्रजी शिकवलं. पोट्ट्यायले काय सांगत होते? आधी धडा वाचा, मग उत्तर लिहा. माह्या पोरानं न वाचता लिहिलं होतं तर छडी कोणी मारली?"

माह्या दिलीपनं मान खाली घातली. त्याले अजून आठवते छडी.

मग मी बोलून बसली. "तिसऱ्या पुस्तकात शेवट आहे. तो आणू. मीठवालीनं देवीपुढं गुडघे टेकले अन् देवीनं वाचवलं, तर दोन्ही पुस्तकं मी माह्या हातानं कपाटातून काढीन. गोष्टीचं नाव पुन्हा तोंडातून निघणार नाई. अन् नाई टेकले, तर पुस्तकं राहतील, अन् तुमी तुमच्या हातानं रजिस्टरात लिहायचं, ही वाचण्यासारखी आहेत."

मुदत आश्विन पौर्णिमा, वर्षावास संपते तो दिवस. गु. म्हणाले, "ठराव." लिहिला. या खेपेस माहं बोलणं पुरं लिहिलं, वनितानं तपासलं.

घरी येताना शांताबाई म्हणाली, "तुले शेवट माहीत आहे ना वं?"

मले कुठं माहीत आहे!

सोमवार, २२ ऑगस्ट

क.चा फोन. तिसरं पुस्तक पाठव म्हणलं. "अवं आजी, मैत्रिणीले दिलं." सोताचं वाचून झालं का? अर्धंच. मग बाकीचं? "गेम तर मी पूर्ण खेळली आहे. शेवट सांगू का?"

तोंड बंद ठेव म्हणलं. ठराव पुस्तकाचा झाला. पुस्तकातूनच ऐकीन.

रविवार, ४ सप्टेंबर

पुण्याहून पार्सल आलं. घाईघाईनं सुतळी कापली. आत स्वेटर. या उकाड्यात! चिठ्ठीत, 'पुस्तक पुढच्या वेळी.' वनिता हसली. मी नाई हसली.

गुरुवार, १५ सप्टेंबर

पुस्तक आलं. मांडीवर घेऊन बसली. जड आहे. पानं उलटून पाहिली, सारी सारखीच काळी.

आता वाचणार कोण? वनिताचं इंग्रजी औषधाच्या डब्यावरचं. दिलीपचं गाडीच्या पाटीवरचं. कॉलेजची पोरं पुलगाव-वर्धेले जातात, पण त्यायचं इंग्रजी परीक्षेपुरतं. सलग जाडं पुस्तक वाचून अर्थ सांगणारा नाचणगावातल्या आपल्या अख्ख्या वस्तीत एकच माणूस.

ज्याच्यासंगं भांडण, त्याच्याच तोंडून ऐकायचं. मीठवालीले दगडाले हात लावताना असंच वाटलं असंल.

गेली. गु. ओट्यावर पेपर वाचत होते. पुस्तक समोर ठेवलं. म्हणलं, "तुमचा खटला आहे, तुमीच वाचा."

रविवार, १८ सप्टेंबर

रोज चार वाजता गु.च्या ओट्यावर. मी अन् साक्षीले शांताबाई. गु. वाचतात अन् मराठी करतात. पण कसली मराठी, माय! "ती युवती शिलाखंडाच्या दिशेने अग्रेसर झाली."

मी म्हणलं, "गुरुजी, पोरगी चालत गेली का धावत?"

"चालत."

"मग चालत गेली म्हणा ना. दगडाले शिलाखंड म्हणलं तर त्याचं वजन वाढते का?"

शांताबाईनं पदर तोंडात कोंबला. गु. लाल पेन्सिल घेऊन बसतात. पुस्तकातल्या इंग्रजीच्या चुका काढतात! म्हणे, एकाच पानावर तीन वेळा 'अचानक'. "पाहा, हुकमाचं लेखन. मी म्हणलं होतं ना."

गुरुवार, २२ सप्टेंबर

आज दोन पानं एकदम उलटली गु.नं. अक्षर नसंल कळत मले, पान कळते.

शुक्रवार, २३ सप्टेंबर

वनिताले घेऊन गेली. तिनं पानांचे आकडे पाहिले. क.च्या मैत्रिणीनं चहा सांडला होता, पानं चिकटली होती. गु.नं ब्लेडनं सोडवून तीही वाचून दाखवली.

मग चष्मा काढून म्हणाले, "बाई, एकतीस वर्षं पेपर तपासले. एक मार्क इकडचा तिकडे केला नाई."

माफी मागायले पाहिजे होती. जीभ वळली नाई.

रविवार, २ ऑक्टोबर

आज गु. वाचायच्या आधीच म्हणाले, "आज आपल्या मीठवालीचं कठीण आहे."

'आपल्या' म्हणाले! अन् आजचं आज वाचणाऱ्याले कठीण आहे हे कसं कळलं? शांताबाईनं कोपर मारलं. मी विचारलं, "पुढचं वाचलं का गुरुजी?"

"अडलेले शब्द पाहून ठेवले." कान लाल झाले होते म्हाताऱ्याचे.

नववा दगड झाला. तिच्या हाताले आता कातडी उरली नाई. अन् आज पोरगी 'चालत गेली'. अग्रेसर झाली नाई.

शनिवार, ८ ऑक्टोबर

शेवट झाला.

शांताबाई लेकीकडे रोहण्याले गेलती, वनिता अंगणवाडीत. ओट्यावर आम्ही दोघंच. अकरावा दगड. चांदीच्या डोळ्यांची देवी समोर उभी. म्हणते, मले शरण ये, सारी अक्षरं एकदम देते. तुह्या वस्तीले पण देते.

गु. थांबले. चष्मा पुसला.

"मग?"

"मग ती गुडघे टेकते, बाई."

देवी डोक्यावर हात ठेवते. तळहाताचे डाग पुसून जातात. वस्ती सुटते. सारे देवीचा जयजयकार करतात. समाप्त.

मी म्हणलं, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं. तेच.

वाटलं होतं, हसतील. खटला जिंकले ना. तर पुस्तक मिटून म्हणतात, "लिहिणारा भेकड निघाला."

मले आधी त्यायचाच राग आला, हसले काऊन नाई म्हणून. हसले असते तर भांडता आलं असतं. आता कोणासंगं भांडू? दहा डाग सोसले पोरीनं. दहा! अन् हा कोण कुठचा लिहिणारा, तो येऊन सारे डाग पुसून टाकते अन् पोरीले लोटांगण घालायले लावते? फुकटात घ्यायचं होतं तर पहिल्याच पानावर घ्यायचं. आम्हाले तीन पुस्तकं कायले चढवलं?

वनिता, हे सारं लिही, पण बाहेर बोलू नको. पौर्णिमेपर्यंत कोणाले कळू द्यायचं नाई.

रविवार, ९ ऑक्टोबर

क.ले फोन लावला. तिच्यावरच ओरडली.

ती म्हणे, "अवं आजी, गेममधे दोन शेवट आहेत. देवी विचारते. टेकायचे का नाई, ते खेळणाऱ्यानं ठरवायचं."

"तू काय केलं होतं?"

"नाई टेकले. मग लय अवघड जाते. अकरावा डाग पण घ्यावा लागते. खाली वस्तीत येऊन एकेका मीठवाल्याले एकेक अक्षर शिकवत बसावं लागते. बारावीची अख्खी सुट्टी गेली माही."

"मग पुस्तकात काऊन टेकले?"

"पुस्तकाले एकच शेवट घ्यावा लागते ना. त्यायनं सोपा घेतला."

फोन ठेवला. गु. खेळाले तुच्छ मानत होते, पुस्तकाले मोठं. मीही शेवटी तेच मानून चालली होती. अन् इथं खेळ माणसाले विचारते तरी, बाई तुले काय पाहिजे. पुस्तकानं कोणाले विचारलं? क.नं सुट्टीभर जे कमावलं ते एका लिहिणाऱ्यानं एका पानात घालवलं.

मले तर दोन्ही दारं बंद. खेळता येत नाई अन् वाचता येत नाई.

सोमवार, १० ऑक्टोबर

क.चं सारं गु.ले सांगितलं. त्यायनं विचारलं, "अकरावा डाग घेतला म्हणता तिनं?" जशी करुणाच भाजली.

बुधवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सारी वस्ती नागपूरले दीक्षाभूमीवर. मले गर्दी झेपत नाई आता.

दुपारी गु. आले. हेही गेले नव्हते. बसले, इकडचं तिकडचं बोलले. मग म्हणतात, "बाई, शेवट आपल्या दोघांशिवाय कोणी ऐकला नाई. बैठकीत मी सांगतो, नाई टेकले. गेममधे तसा शेवट आहेच. गावात पडताळा पाहणारं कोण आहे? पुस्तकं राहतील. करुणेच्या नावाची ओळ राहील."

भल्यासाठीच म्हणत होते. त्यानंच जास्त पेटली मी.

"गुरुजी, दोन पानं उलटली म्हणलं तर तुमाले लागलं होतं. एक मार्क हलवला नाई म्हणाले. अन् आता अख्खा शेवट हलवता? ज्याले वाचता येत नाई, त्याले आपल्या सोयीचं वाचून दाखवायचं, हेच चालत आलं ना आजवर? पोथीवाल्यायनं आम्हाले बुडवायले केलं, तुमी तारायले करून राह्यले. मले बसल्या जागी फरक कसा कळावा? मले दोन्ही सारखंच ऐकू येते!"

चहा तसाच राह्यला त्यायचा. साय धरली.

मग हळूच, "म्हणजे पुस्तकं काढणार?"

"शब्द दिला आहे वीस बायांसमोर."

"पण बाई, मी सांगतो ना. ती वाचण्यासारखी आहेत. शेवट सोडला तर."

"मग तसं रजिस्टरात लिहा."

"ठराव तसा नाई."

"तर मग!"

तो आपल्या ठरावाशी, मी आपल्या शब्दाशी. दोन बैल एका खुंट्याले, अन् दोरी दोघांनीच वळलेली. उठून गेले. चप्पल उलटी घातली.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

ग्रंथवाचन झालं. गु. माह्याकडे न पाहता निघून गेले. शांताबाई रोहण्याहून आली, येता येताच विचारलं, "टेकले का वं?"

"पौर्णिमेले सांगते."

तिनं माह्या तोंडाकडे पाहिलं. तिले कळलं असंल. ओट्यावर बाया बसल्या होत्या. मी गोष्ट सांगितली नाई, डोकं दुखते म्हणलं. पहिल्यांदाच खोटं बोलली त्या ओट्यावर.

रविवार, १६ ऑक्टोबर

उद्या पौर्णिमा.

ठरवलं होतं असं. उभी राहीन. पुस्तकातला शेवट जसा आहे तसा सांगीन. मग क.चा सांगीन, तो खेळातला आहे हेही सांगीन. मग कपाटाशी जाऊन दोन्ही पुस्तकं माह्या हातानं काढीन. काढून कुठं ठेवायची, हे ठरावात नाई. पण ओळीवर काट बसेल ती बसेलच. क.ले कळवलं नाई अजून. तिले सांगायची ताकद आधी गोळा करते.

इतकं पक्कं होतं सकाळपर्यंत. मग वनिता पोषण आहाराची यादी घेऊन गु.च्या घरावरून गेली अन् येऊन सांगते, गु. संध्याकाळचं वाचन सोडलं तर दोन दिवसांपासून बाहेर पडले नाईत. ओट्यावर शंभर पानी वही, बाजूले तिन्ही पुस्तकं. कपाटाची चावी त्यायच्याकडेच असते. मराठीत उतरवून राह्यले. पहिल्या पुस्तकापासून! वनितानं थोडं वाचलं. म्हणे, कुठंच शिलाखंड नाई, दगड म्हणलं आहे. वस्तीतल्या पोरीयले वाचता येईल असं लिहिलं आहे.

अन् माह्यासाठी निरोप दिला. "बाईले विचार, शेवट कोणता लिहू?"

हा काय माणूस आहे! बुधवारी मी घसा फाटेपर्यंत सांगितलं, सोयीचं वाचून दाखवायचं नाई. आता सोयीचं लिहू का विचारते!

पण दुपारपासून डोक्यातून जात नाई. इंग्रजी पुस्तक परक्याचं. त्याचा शेवट त्याच्या पापात. ही वही आपली राहील. पुढं कोणी पोट्टी ती उघडेल, अन् शेवटच्या पानावर मीठवाली काय करते, ते तिले तेवढंच माहीत राहील. तिले कोणी फोन करून सांगणार नाई की दुसराही शेवट होता. खरं लिहिलं तर ती पोट्टी गुडघ्यावर. खोटं लिहिलं तर मी बुधवारी बोलली ते सारं पाण्यात. दोन्ही लिहा म्हणावं, तर गु. म्हणतील दोन शेवटांचं पुस्तक असते का. असते का? मले काय माहीत. मी कुठं एकही वाचलं.

वनितानं तीनदा विचारलं, काय निरोप देऊ. पहिल्यांदा म्हणलं, पुस्तकात आहे तोच. दुसऱ्यांदा म्हणलं, थांब. आता म्हणते, उद्या त्यायच्या तोंडावरच सांगीन. काय सांगीन, ते उद्याच कळेल मले.

वही बंद कर आता. अन् ऐक. उद्या उपोसथ, गु. बारानंतर अन्नाले शिवत नाईत, अन् दोन दिवसांपासून चूल पेटवली नाई म्हणते तू. अकराच्या आत पातोडीचा रस्सा अन् ज्वारीच्या दोन भाकरी पाठवजो. संगं कांदा. तिखट कमी करू नको. दुपारी लय बोलायचं आहे त्यायले.